गेनबातात्यांची इर्जिक

माले गावात माझं स्वागत झालं ते विरोधानं. पुण्याहून पौडपर्यंत मोटार, आणि पौडपासून पुढे ट्रंक, वळकटी आणि औषधांची पेटी घेऊन बैलगाडी, असा प्रवास करून मी उतरले तेव्हा मारुतीच्या देवळापुढे सभा भरली होती. सरपंचांनी माझ्या गळ्यात झेंडूचा हार घातला. "सरकारनं आपल्या गावाला नर्सबाई दिली," असं म्हणून ते टाळ्यांसाठी जरा थांबले. टाळ्यांच्या आधी मागच्या बाजूनं एक खणखणीत आवाज आला, "माझा इरोध हाय!"

मी तेव्हा पंचविशीतली होते. सुईणीचं आणि नर्सचं शिक्षण नुकतंच संपलेलं, नोकरी पहिलीच. गळ्यात हार तसाच ठेवून मी वळून पाहिलं. एक उंच, हडकुळा माणूस उभा होता. गुडघ्यापर्यंत धोतर, खांद्यावर घोंगडी, पांढऱ्या मिशा आणि चेहऱ्यावर कमालीचं समाधान. सरपंच म्हणाले, "तात्या, अवो बाई आत्ता गाडीतनं उतरल्यात. त्यांस्नी कसला इरोध?"

"बाईंस्नी न्हाई," ते गृहस्थ म्हणाले. "बाई शान्या दिसत्यात. बाई एकट्याच आल्या, त्याला इरोध. डाक्टर कुटं हाय? दवाखाना कुटं हाय? नुसती बाई धाडायची आन हार घालायचा, म्हंजी वरात आली आन नवरदेव घरी ऱ्हायला."

सगळी सभा हसली. मला मात्र राग आला. सभा संपल्यावर कळलं की सरपंचांनी माझ्यासाठी जी खोली ठरवली होती तिच्यात अजून भाताचा पेंढा भरलेला होता. सगळे एकमेकांकडे बघत उभे राहिले. तेवढ्यात त्याच माणसानं माझी ट्रंक उचलून डोक्यावर घेतली आणि चालायला लागला. जाता जाता म्हणाला, "चला, बाई. काशीनं तुमच्या आंघुळीला पाणी ठिवलंय." म्हणजे विरोध करायला सभेला येण्याआधी हे घरी पाणी तापवायला सांगून आले होते! ते गेनबातात्या. त्यांच्या पडवीतली कोपऱ्यातली खोली हे पुढे दीड वर्ष माझं घर होतं आणि सरकारचा माल्यातला आरोग्य विभागही तोच होता.

तात्यांचा विरोध घरातही चालायचा. काशीवहिनींनी कालवणात मीठ घातलं की जास्त झालं, नाही घातलं की कमी झालं. वहिनी त्यांच्याकडे लक्षच द्यायच्या नाहीत. मला म्हणायच्या, "त्यांचं जेवाण पचत न्हाई त्याबिगर." हिवतापाच्या मोहिमेत भिंतींवर पांढरी पावडर फवारणारी माणसं गावात आली तेव्हा तात्या काठी घेऊन दारात उभे राहिले. मला वाटलं, आता ही माणसं मार खाणार. तात्यांनी त्यांना अख्खं घर फवारायला लावलं, मग गोठा, मग मागची न्हाणी, आणि ती निघाली तेव्हा ओरडून म्हणाले, "निम्मंच काम करून चाल्लात! माळ्यावर कोन मारनार? तितले डास काय दुसऱ्या पक्षाचे हायेत?" त्या दिवशी मला त्यांच्या विरोधाची पहिली खूण पटली. मी तसं बोलूनही दाखवलं. तात्या म्हणाले, "बाई, मला नको म्हणून माझा इरोध नसतो. मला जास्त पायजे म्हणून असतो."

तात्यांचं मूळ गाव धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. तेव्हा ते मिसरूड फुटण्याच्या वयाचे होते. घराचे वासे आणि देव तेवढे गाडीत घालून त्यांचा बाप माल्याला आला. उन्हाळ्यात पाणी उतरलं की तात्या एकदा तरी त्या बाजूला जाऊन येत. काय बघून आले हे सांगत नसत, पण आल्यावर दोन दिवस आवाज जरा खाली असे. एकदा मी विचारलं, तुम्ही प्रत्येक सभेत उभे का राहता? ते म्हणाले, "पाणी आलं तवा आमाला कुनी इचारलं न्हाई. तवापास्नं कुनी न इचारता बी मी सांगतो." हे त्यांनी हसत सांगितलं. त्यांच्या मनात कडवटपणा असा नव्हताच. विरोध केला की त्यांना भूक लागायची आणि झोपही छान यायची.

आता सरपंचांबद्दल सांगायला हवं, कारण त्यांच्याशिवाय तात्या पुरे होत नाहीत. तात्यांची धाकटी बहीण चंद्राआक्का गावातच दिलेली होती, आणि सरपंच हे तिचे यजमान. म्हणजे तात्यांचे दाजी. सारं गाव त्यांना दाजीच म्हणायचं. दाजी राज्य करणाऱ्या पक्षाचे आणि तात्या विरोधी पक्षाचे. दोन्ही पक्षांची नावं मी घेत नाही. घेतली तर कोणीतरी आजही रागावेल. देवळापुढे हे दोघं एकमेकांची सालटी काढत. पण सणाला दाजी जेवायला आले की तात्या स्वतः त्यांच्या हातावर पाणी घालत, पाटाला रांगोळी आहे की नाही बघत आणि दाजींनी भात घेतल्याशिवाय घासाला हात लावत नसत. बहिणीचा नवरा म्हणजे मानाचा माणूस. त्याचं राजकारण चपलांबरोबर उंबऱ्याबाहेर काढून ठेवायचं, अशी त्यांची रीत होती.

भांडणाचा विषय मात्र एकच, दवाखाना. तेव्हा खेड्यापाड्यांत सरकारी आरोग्य केंद्रं निघायला लागली होती. सरकारचं म्हणणं असं, की निम्मं आम्ही देतो, निम्मं गावानं श्रमदानातून उभं करावं. यावर अख्ख्या तालुक्यात दोन तट पडले होते. दाजी म्हणायचे, "तात्या, हातात येतंय त्ये घ्यावं. दोन खोल्या उभ्या केल्या की बाई कायमच्या, मागनं डाक्टर बी यील. गोडीनं मागितलं की मिळतंय."

तात्या म्हणायचे, "पुण्यात एवढाली हास्पिटलं हायेत. ती बांधाया तितल्या शेटजींनी डोक्यावर पाट्या घेतल्या व्हत्या का? त्यांस्नी आयतं, आन आमी घाम गाळायचा. दुखनं तर समद्यांचं सारखंच हाय. दवाखाना म्हंजी काय बक्षीस हाय व्हय, चांगलं वागलं तर द्याया? हक हाय त्यो!"

"हक म्हनून ताप उतरत न्हाई, तात्या."

"आन गोडीनं बी उतरत न्हाई, दाजी. एवढी वरसं गोडीनं मागताय. आलं काय? तर एक बाई. त्या बी माझ्या पडवीत!"

यावर सभा हसून फुटायची आणि मी, म्हणजे ती पडवीतली बाई, मान खाली घालून बसायची. मला दोघांचंही पटायचं, आणि त्यामुळे दोघांचाही राग यायचा. बाळंतपणं मी करणार, खोल्यांची गरज मला, आणि त्या सगळ्या वादात मला कोणी एका शब्दानं विचारत नव्हतं.

चंद्राआक्कांच्या सुनेला दिवस गेले होते, म्हणून मी त्यांच्याकडे जात असे. एका दुपारी सुपात तांदूळ निवडता निवडता आक्का म्हणाल्या, "बाई, ह्या दोगांचं भांडान तुमाला चेष्टेचं वाटत असंल. तसं न्हाई त्ये." आणि त्यांनी सांगितलं. त्यांच्या दुसऱ्या बाळंतपणाच्या वेळी मूल अडलं. गावात काही सोय नव्हती. घोंगडीची झोळी करून, बांबूला बांधून, त्यांना पौडला नेलं. पुढे खांद्याला भाऊ, मागे नवरा. पावसाचे दिवस, ओढ्याला कमरेएवढं पाणी. आक्का वाचल्या, मूल गेलं.

"येताना दोगं बी वाटंनं बोलले न्हाईत," आक्का म्हणाल्या. "मंग ह्ये गेले सरकारच्या पक्षात. म्हनाले, आत शिरून दवाखाना आनतो. आन तात्या गेला दुसऱ्यात. म्हनाला, भांडून आनतो. एका पोरापायी दोन झेंडे झाले, बाई." मला रडू आलं. आक्का पुन्हा तांदूळ निवडायला लागल्या.

होळी झाली आणि पौडहून अधिकारी आले. त्यांनी स्पष्टच सांगितलं. पावसाळ्याच्या आत दोन खोल्या उभ्या राहिल्या नाहीत तर बाईंची नेमणूक दुसऱ्या गावी होईल. तिथल्या लोकांनी खोल्या तयार ठेवल्या आहेत. दाजींनी लगेच गायरानात श्रमदान सुरू केलं. पताका लावल्या, पक्षाचे पाहुणे आले, त्यांनी हौसेनं दोनचार पाट्या उचलल्या. तिकडे तात्यांच्या पक्षाच्या पुढाऱ्यांनी पुण्याहून निरोप पाठवला, की या फुकटच्या मजुरीत आपला एकही माणूस दिसता कामा नये. तात्यांनी देवळापुढे उभं राहून तो निरोप सगळ्यांना ऐकू जाईल असा सांगितला. झालं! अर्धं गाव आलं, अर्धं घरी बसलं. जोतं गुडघ्याएवढं झालं आणि तिथंच थांबलं. मग लग्नसराई आली, भाताच्या रोपांसाठी राब भाजायचे दिवस आले, आणि आलेलं अर्धं गावही पांगलं. पाहुणे तर पहिल्या दिवसानंतर फिरकलेच नाहीत.

माझा स्वभाव तसा गप्प बसणाऱ्यातला नाही. एका सकाळी तात्या न्याहारीला बसले होते, तेव्हा मी पडवीतून आत गेले आणि म्हणाले, "तात्या, तुमचं म्हणणं खरं आहे. सरकारनं खोल्या बांधून द्यायला हव्यात. पण मी गेल्यावर भर पावसात एखाद्या बाईचं मूल अडलं, तर तिला काय सांगायचं? जरा कळ काढ, अजून हकाचं ठरतंय म्हणून? चंद्राआक्कांना सांगाल का असं?"

काशीवहिनींचा भाकरी थापणारा हात थांबला. तात्यांच्या तोंडावर इतकं स्पष्ट कोणी कधी बोललं नसावं. मी विरोधाची वाट बघत उभी राहिले. तात्यांनी भाकरी संपवली, हात धुतला, मुंडासं बांधलं आणि सडकेकडेच्या आपल्या रानात जाऊन बांधावर बसले. दुपारी मी औषधं द्यायला त्या बाजूनं गेले तरी ते बसलेलेच होते. मी बोलले ते बरंच केलं असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

दुसऱ्या दिवशी मी आक्कांच्या सुनेला तपासत होते, तोच दारात तात्या दिसले. दाढी केलेली, धुतलेलं मुंडासं, कपाळाला बुक्का. आत न येता ते म्हणाले, "दाजी, परवा माझ्या सडकंच्या रानात इर्जिक हाय. बैल घिऊन या."

इर्जिक म्हणजे काय ते आमच्या पुण्याच्या माणसांना सांगावं लागेल. एखाद्याच्या रानात काम फार झालं की तो गावाला इर्जिकीला बोलावतो. ज्याच्याकडे बैल आहेत त्यानं बैल आणायचे, नाहीत त्यानं हातपाय आणायचे. मजुरी द्यायची नाही; ढोल वाजवून काम करायचं आणि घरधन्यानं सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं. उद्या दुसऱ्याकडे इर्जिक असली की आपण जायचं. या बोलावण्याला नाही म्हणत नाहीत. भावाभावांत कज्जे चालू असले तरी इर्जिकीला माणूस जातो. नाही गेला तर त्याच्या बांधावर पुढे कोणी पाऊल टाकत नाही.

दाजी चकित झाले. "ह्या दिसात कसली इर्जिक, तात्या?"

"दोन खोल्या बांधायच्या हायेत."

"कुनासाटी?"

"त्ये मी मागनं बगीन. रान माजं, इर्जिक माजी. श्रमदान न्हाई ह्ये. ना तुमच्या पक्षाचं, ना माज्या."

दाजी समजायचं ते समजले. गेले तर गायरानातलं पक्षाचं जोतं फसलं असं कबूल केल्यासारखं होणार. आणि न जावं तर मेव्हण्याच्या इर्जिकीला न जाणारा दाजी असा तालुक्यात लौकिक होणार. ते कपाळ चोळत म्हणाले, "इचार करतो."

"इर्जिकीला इचार करत्यात व्हय?" तात्या म्हणाले आणि पुढच्या दाराला गेले. त्यांनी एकही घर सोडलं नाही. ज्या घरांशी निवडणुकीपासून बोलणं बंद होतं, तिथंही जाऊन त्यांनी इर्जिक सांगितली. त्यांच्या पक्षातल्या एकानं वाटेत अडवून विचारलं, की पुण्याच्या निरोपाचं काय? तात्या म्हणाले, "श्रमदानाला जाऊ नका म्हनाले त्ये. म्या कुटं चाललोय? मी माज्या रानात घर बांधतुय."

इर्जिकीच्या दिवशी उन्हं वर यायच्या आत ढोल वाजायला लागला. माणसं येत होती ती दोन्हीकडची. पहिल्यांदा ती आपापल्या माणसांत उभी राहिली, पण दगडाला चार हात लागतात, आणि ते कोणाचे आहेत हे दगड उचलताना बघता येत नाही. तासाभरात पाया उकरून झाला. चिखल तुडवणाऱ्यांत एक दाजींच्या पक्षाचा, एक तात्यांच्या, आणि दोघं एकमेकांच्या खांद्याला धरून. दाजींचा मात्र पत्ता नव्हता. तात्या सगळ्यांवर ओरडत होते, ह्याला हे चुकलं सांगत होते, त्याला ते, आणि दर थोड्या वेळानं सडकेकडे बघत होते.

अखेर गाडी दिसली. दाजी स्वतः हाकत होते. गाडीत आडवी टाकलेली सागाची तुळई होती. दाजींनी आपल्या नव्या माळ्यासाठी ती कधीची जपून ठेवली होती. आणि तिच्याखाली दगड. घडवलेले, चुन्याचे डाग असलेले. गायरानातलं ते गुडघ्याएवढं जोतं दाजींनी सकाळी आपल्या हातानं उकललं होतं.

तात्या गाडीजवळ गेले. दगडांवरून हात फिरवून म्हणाले, "दाजी, सरकारी दगड हायेत त्ये."

"दगडाला काय कळतंय, तात्या?" दाजी म्हणाले, आणि बैल सोडायला लागले. तात्यांनी पुढे होऊन जू धरलं. त्या क्षणी मला या दोन म्हाताऱ्यांविषयी जे वाटलं ते प्रेमच होतं, दुसरं काही नाही.

लगेच भांडण सुरू झालं. दार कुठे करायचं? तात्या म्हणाले सडकेला, म्हणजे आलेल्याला दिसेल. दाजी म्हणाले पूर्वेला. बघता बघता दोघांच्या मागे आपापला पक्ष उभा राहिला, ढोल थांबला. शेवटी मी चिखलात उतरले आणि म्हणाले, "इथं पाऊस पश्चिमेकडून झोडपतो. बाळंतीण भिजवायची आहे का? दार पूर्वेला." तात्या म्हणाले, "बाई म्हनत्यात म्हनून. दाजी म्हनत्यात म्हनून न्हाई." मग काशीवहिनींनी जेवायला बोलावलं. आंबेमोहराचा भात, मटणाचं कालवण आणि तांदळाच्या भाकरी. सकाळपासून ज्यांच्याशी भांडत होते त्या दाजींच्या हातावर तात्यांनीच पाणी घातलं आणि पहिला भात त्यांनाच वाढला.

एका दिवसाची इर्जिक पुढे आठवडाभर चालली. रोज संध्याकाळी तात्या म्हणायचे, "उद्याच्याला इर्जिक हाय बरं का," आणि लोक हसत हसत दुसऱ्या दिवशी यायचे. काशीवहिनींचा तांदूळ संपत आला तेव्हा आक्कांनी आपल्याकडचा पाठवला. मृग लागायच्या आत कौलं चढली. तात्यांनी ती जागा सरकारला देऊन टाकली.

उद्घाटनाला पुण्याहून दाजींच्या पक्षाचे पुढारी आले. फीत कापून झाल्यावर ते म्हणाले, की विरोधकांनी कितीही अडथळे आणले तरी आमच्या पक्षाच्या श्रमदानातून ही वास्तू उभी राहिली. लोकांनी पायांकडे पाहिलं. तात्या मागे बसले होते, ते उठतील असं सगळ्यांना वाटलं. उठले ते दाजी. टोपी सारखी करत म्हणाले, "साहेब, माफ करा. श्रमदान आमचं न्हाई जमलं. ही इर्जिक हाय. जागा माज्या मेव्हन्याची, आन गाव त्यांनी जमवलं." पुढाऱ्यांचा चेहरा पडला. आणि तेवढ्यात मागून आलाच तो आवाज, "माजा इरोध हाय! तुळई दाजींची हाय, दगड बी त्यांनीच आनलेत. माज्या एकट्याचं नाव घ्यायचं न्हाई!" असा विरोध कोणी कधी ऐकला नव्हता. हसण्याचा आवाज खाली येईपर्यंत तात्या उभेच होते, आणि मग त्यांनी शांतपणे विचारलं, "आन डाक्टर कवा धाडनार, त्ये बी सांगून जावा."

डॉक्टर आले. आधी आठवड्याच्या बाजाराला येत, मग आठवड्यातून दोनदा. त्याचं श्रेय दाजींच्या गोडीला की तात्यांच्या भांडणाला, याचा निकाल शेवटपर्यंत लागला नाही. पुढच्या निवडणुकीत दोघांनाही आपापल्या पक्षानं बाजूला ठेवलं. दाजींनी पुढाऱ्याला सभेत खोटं पाडलं म्हणून, आणि तात्यांनी सरकारला दवाखाना बांधून दिला म्हणून. दोघांनाही त्याचं फारसं दुःख झालेलं मी पाहिलं नाही. दवाखान्याच्या पायरीवर बसून ते सबंध देशाच्या आरोग्याचा वाद घालत, आणि आत मी बायकांना तपासत असले की मला ओरडून सांगावं लागे, "जरा हळू!"

माझी बदली झाली, लग्न झालं, मी कुठे कुठे फिरले. काही वर्षांनी माल्याला गेले तेव्हा तात्या नव्हते. भाताची झोडणी उरकून जेवले, खळ्यावर पडले आणि गेले, असं काशीवहिनींनी सांगितलं. दाजी थकले होते. मला म्हणाले, "बाई, आता सभंला जाववत न्हाई. मी काई बी बोललो तर लोकं माना डोलवत्यात." त्यांचे डोळे भरून आले, आणि माझेही.

एक गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली आहे. उद्घाटन झालं आणि डॉक्टर यायला लागले, त्यांच्या मधल्या पावसाळ्यातली. खोल्या झाल्या, खाट आली, मी दिवसभर दार उघडून बसू लागले, आणि बाळंतपणाला एकही बाई आली नाही. खोकला-तापाला यायच्या, पोटुशी बाई पायरीवरूनच परत. मला कळेना. आक्कांनी उलगडा केला. दाजींच्या बाजूच्या बायका म्हणत होत्या, घर इर्जिकीतलं, म्हणजे तात्यांचं. दुसऱ्याच्या घरात बाळंत होऊन त्याच्या घराला सोयर कसं लावायचं? आणि तात्यांच्या बाजूच्या म्हणत होत्या, वर पाटी सरकारची, म्हणजे घर दाजींच्या पक्षाचं. आम्ही तिथं कशा जाणार? आक्कांच्या स्वतःच्या सुनेलाही तिच्या माहेरच्यांनी नेलं होतं. दोघं म्हातारे हवालदिल झाले. एकानं तात्यांचं घर नाही म्हणून सांगावं, दुसऱ्यानं सरकारचं नाही म्हणून, आणि ऐकणाऱ्यांचा संशय वाढावा. तिकडे पौडला कोणीतरी कळवलं, की माल्याच्या खोल्या रिकाम्या आहेत, बाईंना हलवायला हरकत नाही.

अशात एका दुपारी पाऊस उघडला असताना डोंगरावरच्या धनगरवाड्यातून एक माणूस आला. मागे त्याची म्हातारी आई, आणि आईच्या खांद्याचा आधार घेत, थांबत, वाकत येणारी त्याची बायको. त्या वाड्यावर ना ह्या पक्षाचा कोणी चढायचा, ना त्या. तो पायऱ्यांपाशी येऊन थांबला. तिथं तात्या आणि दाजी नेहमीप्रमाणे बसलेले. बायकोला कळ आली आणि ती भिंतीला धरून उभी राहिली. मी दारातून पुढे झाले, पण तो आत येईना. दुसऱ्याच्या घरात बाळंतीण न्यायची तर घरधन्याला विचारायला हवं, एवढी रीत त्याला ठाऊक होती. त्यानं हात जोडले आणि विचारलं, "आबा, ह्ये घर कुनाचं हाय?"

दाजींनी तात्यांकडे पाहिलं. तात्यांनी दाजींकडे पाहिलं. बाहेर ओढ्यावर धुणं घेऊन चाललेल्या बायका उभ्या राहिल्या होत्या. त्यांनाही उत्तर ऐकायचं होतं.

तात्या उठले. म्हणाले, "ज्याला दुखतंय, त्याचं."

दाजींनी त्यावर वाद घातला नाही. त्यांनी खांद्यावरचं कोरडं घोंगडं काढून पायरीवर अंथरलं, जरा बाजूला सरले, आणि त्या माणसाला म्हणाले, "जाऊ द्या त्यांस्नी आत. तुमी बसा हितं, आमच्यात."